किडा कोणास म्हणावें?

मराठी घरांत दिवसांतून दहा वेळां उच्चारला जाणारा आणि तरीही फारसा विचार न करितां वापरला जाणारा एखादा शब्द शोधूं गेल्यास ‘किडा’ हा शब्द प्रथम हातीं लागेल. तांदुळांत निघाला तो किडा, दिव्यावर येऊन पडला तो किडा, गाईच्या कानामागें चिकटून बसला तो किडा, मोरीच्या कोपऱ्यांत नांगी उभारून बसला तोही किडाच. मुलाच्या दांतास कीड लागते, वाचनाचा नाद असलेला मुलगा पुस्तकी किडा ठरतो, आणि एखाद्यास नसती शंका सुचली तर त्याच्या डोक्यांत किडा वळवळतो. एकाच शब्दावर इतकीं कामें लादलीं म्हणजे त्यांतील एकही धड होत नाहीं. ज्येष्ठ लागला, मृगाचा पाऊस तोंडावर आला, आणि आतां तीन-चार महिने घरांत व अंगणांत या मंडळींचा राबता राहणार. म्हणून या पानावर या खेपेस त्यांचीच चौकशी करावयाची आम्ही ठरविलें आहे. कीटक म्हणजे कोण, त्याचें नांव कोठून आलें, आणि तें नांव भलत्याच्या माथीं मारल्यानें आपलें काय नुकसान होतें, हे या लेखाचे तीन प्रश्न.

अशा चौकशीस कोंकणचा किनारा फार सोयीचा. त्यांतून आम्ही रत्नागिरी जिल्ह्यांतील गुहागर तालुक्याचें वेळणेश्वर हें गांव डोळ्यांपुढें धरतों. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचें तें कुलदैवताचें ठिकाण आहे. पुण्या-मुंबईचीं, आणि आतां समुद्रापलीकडे राहणारींही कुटुंबें मुलांबाळांस घेऊन तेथें दर्शनास जातात. देवळापासून चार पावलांवर समुद्र, किनाऱ्यालगत माड-पोफळींचीं आगरें, मागें चढत गेलेल्या डोंगरउतारावर आंबा आणि काजू, अशी या गांवाची मांडणी आहे. संस्कृतांत ‘वेला’ म्हणजे समुद्राचा कांठ, भरतीची मर्यादा. गांवाच्या नांवांत लोकांस तोच शब्द दिसतो. ही मर्यादा आपल्या विषयासही लागू आहे, तें पुढें येईलच.

प्रथम शब्द पाहूं. संस्कृतांतील ‘कीट’ किंवा ‘कीटक’ हा मूळ शब्द. प्राकृतांत ‘ट’चा ‘ड’ होऊन ‘कीड’ झाला, आणि मराठींत त्याची दोन रूपें नांदूं लागलीं : एकटा प्राणी तो ‘किडा’, आणि पिकावर अथवा धान्यावर पडणारी त्यांची झुंड ती ‘कीड’. येथवर ठीक होतें. परंतु मराठीनें पुढें त्या नामाचें क्रियापद केलें : ‘किडणें’. वांगें किडतें, लांकूड किडतें, दांत किडतो. प्राण्याचें नांवच नासण्याच्या क्रियेस दिल्यामुळें किडा म्हणजे नासाडी हें समीकरण बोलतां बोलतांच मुलाच्या मनांत ठसतें. वस्तुतः दांत किडतो तो कोणत्याही किड्यामुळें नव्हे. तोंडांतील सूक्ष्म जंतु साखरेपासून आम्ल तयार करितात व त्या आम्लानें दांताचें कवच झिजतें. शिक्षणानें हा समज गेला, तरी शब्द मागें राहिला. ‘किडामुंगी’ हा जोडशब्दही तसाच : ज्याची गणती करण्याचें कारण नाहीं तो जीव. याउलट ‘कीटक’ हें मूळ संस्कृत रूप शाळेच्या पुस्तकांतून परत आलें आणि शास्त्राच्या कामास लागलें. म्हणून आज एकाच घरांत एकाच मुळाचे दोन शब्द राहतात. एक स्वयंपाकघरांत तिरस्कारानें उच्चारला जातो, दुसरा अभ्यासाच्या खोलींत गुण मिळविण्यासाठीं पाठ होतो. आणि दोहोंची एकमेकांशीं ओळख नसते.

पश्चिमेकडे हें नांव वेगळ्या खुणेवरून पडलें. आरिस्टॉटलनें या प्राण्यांस ‘एन्टोमा’ म्हटलें, म्हणजे खांचा पाडलेले. गांधीलमाशीची किंवा मुंगळ्याची कंबर पाहिली म्हणजे नांवाचें मर्म ध्यानांत येतें. शरीर जणूं मध्यें मध्यें कापल्यासारखें दिसतें. त्याच ग्रीक शब्दाचें लॅटिन भाषांतर ‘इन्सेक्टुम्’. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें तें वापरलें, आणि त्याच्या ग्रंथाच्या भाषांतराबरोबर इ. स. १६०० च्या सुमारास ‘इन्सेक्ट’ हा शब्द इंग्रजींत आला.

आपल्याकडे अशी बारकाईनें पाहून ठेवलेली खूण नव्हती काय? होती, आणि ती अधिक नेमकी होती. अमरकोशांत भ्रमराच्या नांवांमध्यें ‘षट्पद’ हें नांव आहे, म्हणजे सहा पायांचा. त्याच्याच शेजारीं ‘द्विरेफ’ असें गमतीचें नांव आहे. ‘भ्रमर’ या शब्दांत दोन रकार आहेत म्हणून तो द्विरेफ! शंकराचार्यांच्या नांवावर असलेलें षट्पदी स्तोत्र ज्यांच्या घरीं म्हटलें जातें, त्यांस सहा पदांची स्तुति आणि सहा पायांची भ्रमरी हा त्यांतील श्लेष परिचित असेलच. आजचें प्राणिशास्त्र कीटकाची ओळख सांगतांना जी पहिली खूण सांगतें ती हीच : सहा पाय. आपल्या कोशकारांनीं ती एका भ्रमरापुरती ठेवली, साऱ्या वर्गास लाविली नाहीं, एवढाच काय तो फरक.

तेव्हां कीटक कोण? ज्याच्या शरीराचे डोकें, छाती व पोट असे तीन भाग आहेत. ज्याच्या छातीस पायांच्या तीन जोड्या आहेत. ज्याच्या डोक्यावर स्पर्शासाठीं व वासासाठीं दोन मिशा आहेत. ज्याचीं हाडें आंत नसून अंगावरचें कठीण कवच हाच ज्याचा सांगाडा आहे. जो नाकानें नव्हे, तर कुशींवरील बारीक छिद्रांतून श्वास घेतो. आणि पूर्ण वाढ झाल्यावर ज्यास बहुधा पंख असतात, तो कीटक. माशीस पंखांची एकच जोडी असते, फुलपांखरास दोन, आणि ऊ व पिसू यांना मुळींच नसतात. परंतु पायांची संख्या मात्र चुकत नाहीं. आजवर शास्त्रज्ञांनीं ज्यांस नांवें दिलीं अशा कीटकांच्या जाती सुमारें १० लाख आहेत. नांव मिळालेल्या सर्व प्राण्यांत अर्ध्याहून अधिक भरणा एकट्या या वर्गाचा आहे.

हें माप घेऊन वेळणेश्वराच्या एखाद्या जुन्या घरांत ओटीपासून मागील दारापर्यंत एक फेरी घातली, तर ‘किडा’ म्हणविणाऱ्यांची निम्मी यादी गळून पडते. आढ्याला जाळें विणणारा कोळी आठ पायांचा. तो कीटक नव्हे. मोरींतील विंचू आठ पायांचा, गाईच्या कानामागची गोचीडही आठ पायांची. घोणीच्या अंगाच्या प्रत्येक पेऱ्याला पायांची एक जोडी. डिवचलें असतां वेटोळें करून नाण्यासारखा पडून राहणारा ‘पैसा’ तर बहुतेक पेऱ्यांना दोन-दोन जोड्या बाळगतो. गांडूळ व जळू यांना पायच नाहींत. आणि ज्याच्या नांवांतच ‘किडा’ आहे, ज्याला पाहून मुलें हरखतात, तो पहिल्या पावसानंतर मातींतून निघणारा लाल मखमलीचा मृगाचा किडा, संस्कृतांतील इंद्रगोप, त्याचे पाय मोजले तर आठ भरतात! तो गोचिडीच्या गोतांतला, कीटकांच्या नव्हे. येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मृगाच्या किड्याच्या पिलास जन्मतः सहाच पाय असतात. पुढें आठ होतात. म्हणून पाय मोजावयाचे ते पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे.

दुसरी सावधगिरी अळीची. सुरवंट, घुला, धान्यांतील अळी यांचा आकार पाहून त्यांस कोणीही गांडुळाचे भाऊ म्हणेल. परंतु तीं कीटकांचीं बाळपणें आहेत. अंडें, अळी, कोष आणि पूर्ण कीटक असे चार आश्रम फुलपांखरूं, माशी, भुंगा व मधमाशी यांस असतात. टोळ, ढेकूण व झुरळ यांचीं पिलें मात्र प्रथमपासूनच आईबापांसारखीं दिसतात. केवळ पंख असले तर ते मागाहून फुटतात. वाळवीस इंग्रजींत ‘पांढरी मुंगी’ म्हणण्याचा प्रघात होता. तोही चुकीचा, कारण वाळवी ही मुंगीच्या नव्हे तर झुरळाच्या कुळांतली आहे. वारूळ उभारते ती हीच वाळवी. त्याच वारुळावरून वाल्मीकींस नांव मिळालें, आणि गोमंतकांत व दक्षिण कोंकणांत सातेरी देवीची पूजा वारुळाच्याच रूपानें होते. घराचा वासा पोखरणारा प्राणी आणि देवीचें स्थान उभारणारा प्राणी एकच!

आतां वेलेची, म्हणजे मर्यादेची गोष्ट. आगरांत पावलागणिक कीटक. परंतु पुळणीवरून चालत पाण्यांत शिरलें कीं त्यांचें राज्य संपतें. इतकी अफाट संख्या असून खुल्या समुद्रावर कायम राहणारे कीटक अवघे पांच जातींचे. लांब पायांनीं पाण्याच्या पृष्ठावर ते धांवतात. पाण्यांतील जागा आधींच त्यांच्या भाऊबंदांनीं व्यापलेली आहे. खेंकडा आणि कोळंबी यांच्याही अंगावर तेंच कवच, तेच पेऱ्यांचे पाय. कीटक हे याच कवचधारी जलचरांच्या एका शाखेपासून निघून जमिनीवर आले, असें अलीकडचें संशोधन सांगतें. लिनीअसनें १७५८ च्या आपल्या ग्रंथांत कोळी, विंचू, खेंकडे या सर्वांस कीटकांतच घातलें होतें, इ. स. १८०० च्या सुमारास लामार्कनें त्यांस वेगळें काढलें. म्हणजे जो घोटाळा आपल्या मोरींत होतो, तो युरोपांतील पंडितांच्या कपाटांतही पुष्कळ दिवस नांदत होता.

येथें कोणी म्हणेल, पाय सहा कीं आठ या मोजदादींत संसारी माणसाचें काय अडलें आहे? तें अडलें आहे, आणि फार वेळां अडलें आहे. नांवाचा घोटाळा हा बहुधा जन्माच्या घोटाळ्यापासून सुरू होतो. आपल्या जुन्या ग्रंथांनीं जीवांचे चार प्रकार सांगितले : जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज. डांस, माशा, ऊ, ढेकूण हे स्वेदज, म्हणजे घाम व ऊब यांपासून उपजणारे. युरोपांतही मांस सडलें म्हणजे त्यांत आपोआप किडे होतात असाच समज होता. १६६८ मध्यें फ्रान्सेस्को रेडी या इटालियन वैद्यानें कांहीं बरण्यांत मांस घालून त्यांतील थोड्यांचीं तोंडें मोकळीं ठेविलीं व थोड्यांचीं झांकलीं. मोकळ्या बरण्यांत अळ्या झाल्या, झांकलेल्यांत झाल्या नाहींत. अळी मांसापासून होत नाहीं, माशीच्या अंड्यापासून होते, हें एका फडक्याच्या तुकड्यानें सिद्ध झालें.

आपल्या परंपरेंतील कीटभृंगन्यायाचा विचारही येथेंच केला पाहिजे. कुंभारीण माशी अळीस आपल्या मातीच्या घरांत कोंडते. अळी भीतीनें तिचेंच ध्यान करिते आणि ध्यानबळानें स्वतःच कुंभारीण होऊन बाहेर पडते, असा हा दृष्टान्त. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूतानें जे चोवीस गुरु सांगितले आहेत, त्यांत पतंग, मधमाशी आणि ही कुंभारीण असे तीन कीटक असून चौथा कोळी त्यांच्या जवळ बसला आहे. कोंकणांतील घरांत तुळईच्या खांचेंत अथवा तसबिरीमागें हीं मातीचीं घरें हवीं तेवढीं दिसतात. प्रत्यक्षांत घडतें तें असें : कुंभारीण अळीस डंख मारून लुळी करिते, मारीत नाहीं; घरांत आपलें अंडें घालते, अळीस आंत ठेवून तोंड लिंपून टाकते. अंड्यांतून निघालेलें पिलूं त्या ताज्या अन्नावर वाढतें, कोषांत जातें, आणि शेवटीं भिंत फोडून नवी कुंभारीण बाहेर येते. दृष्टान्ताचें पारमार्थिक तात्पर्य यानें उणें होत नाहीं; तें ध्यानाविषयीं आहे, माशीविषयीं नाहीं. किंबहुना, आंत गेली अळी आणि बाहेर आली कुंभारीण, एवढें ज्यानें पाहिलें त्याचें लक्ष किती तीक्ष्ण असेल! मात्र लिंपलेलें दार उघडून मधली हकीकत पाहण्याचें काम राहून गेलें.

हें मधलें दार न उघडल्याचा परिणाम कधीं कधीं फार दारुण होतो. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस प्लेग उघडकीस आला, आणि पुढील वर्षाच्या आरंभीं पुण्यांत त्याचा कहर झाला. सरकारी तुकड्या घरांत शिरल्या, जमिनी खणल्या, भिंतींस चुना फांसला, अंथरुणें-पांघरुणें जाळलीं, माणसें घरांतून ओढून छावण्यांत नेलीं. त्या जुलमाची परिणति २२ जून १८९७ च्या रँडवरील गोळीबारांत झाली, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. परंतु या साऱ्या खटाटोपांत खरा गुन्हेगार कोणासच ठाऊक नव्हता. लोकांनीं अनुभवानें एक धागा पकडला होता : घरांत उंदीर पडले कीं घर सोडून माळावर झोंपड्यांत राहावें. उंदीर आणि माणूस यांमधला दुवा १८९८ मध्यें कराचीस पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें दाखविला : मेलेल्या उंदराचें अंग थंड पडलें कीं त्याच्यावरील पिसवा त्यास सोडतात आणि नवें ऊबदार अंग शोधूं लागतात. दुवा म्हणजे सहा पायांची, पंख नसलेली पिसू! तिचें म्हणणें लागलीच कोणी ऐकलें नाहीं. १९०५ पासून मुंबईस झालेल्या पद्धतशीर प्रयोगांनंतर तें सर्वमान्य झालें. प्लेगनें वीस-पंचवीस वर्षांत हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. त्याच सुमारास, २० ऑगस्ट १८९७ रोजीं, सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यास डांसाच्या पोटांत हिंवतापाचा जंतु सांपडला. डांस चावतो हें मनूच्या काळापासून माहीत होतें. परंतु त्यांतील एका विशिष्ट कुळाची मादीच हा ताप पसरविते, हें समजण्यास इतकीं शतकें लागलीं. ‘किडे चावतात’ एवढ्या ज्ञानावर कोणाचाही जीव वांचत नाहीं. कोणता किडा, हें कळावें लागतें.

हीं झालीं जुनीं उदाहरणें. आजचें उदाहरण वेळणेश्वराच्या आगरांतच आहे, आणि तें एका शब्दाभोंवतीं फिरतें. तो शब्द ‘भुंगा’. ‘भृंग’ या संस्कृत शब्दाचा तो मुलगा, आणि आगरांत या एका नांवाचे तिघे राहतात.

पहिला गेंड्या भुंगा. याच्या डोक्यावर शिंग असतें. हा माडाच्या शेंड्यांत शिरून कोंवळा सुरळीचा पाला खातो; तो पाला पुढें उलगडला म्हणजे कात्रीनें त्रिकोणी तुकडे कापल्यासारखा दिसतो. याचा जन्म मात्र माडावर होत नाहीं. याची अळी शेणखताच्या खड्ड्यांत वाढते. म्हणजे माडावर चढून त्याला आंकड्यानें ओढून काढणें हें अर्धें काम. दुसरें अर्धें उकिरड्यावर करावयाचें. तेथें खत वेळच्या वेळीं उपसणें, अळ्या वेंचणें, आणि त्या अळ्यांना मारणारी हिरवी बुरशी खड्ड्यांत सोडणें हे उपाय नारळाचे अभ्यासक सांगतात.

दुसरा सोंड्या भुंगा. हा तांबूस, लांब सोंडेचा, आणि पहिल्याहून घातकी. माडाच्या जखमेंत तो अंडीं घालतो, आणि अळ्या खोड आंतून पोखरतात. बाहेरून झाड हिरवेंगार, आणि एके दिवशीं शेंडाच कोलमडतो. गेंड्यानें केलेली जखम सोंड्यास आयतें दार होते. म्हणून उकिरडा स्वच्छ ठेवणें हा या दोघांवरही उपाय, आणि माडाच्या खोडास विनाकारण खांचा न पाडणें हा दुसऱ्यावर विशेष उपाय.

तिसरा काळाभोर, निळसर पंखांचा, मोठ्यानें गुणगुणत फिरणारा. बांबूस किंवा जुन्या वाशास गोल भोंक पाडून त्यांत तो घर करितो. हा खरें म्हणजे भुंगाच नव्हे. ही लांकूड कोरणारी मोठी मधमाशी आहे, आणि कवींचा भृंग बहुतेक हाच. तो लांकूड खात नाहीं, माडास शिवत नाहीं. फुलाफुलांवर परागकण वाहून नेतो, आणि त्यामुळें परसांतल्या वेलींना फळें धरतात. परंतु माड ढांसळला, घरांत कोणी म्हणालें ‘भुंगा लागला’, कीं औषधाची पिचकारी प्रथम चालते ती या तिसऱ्यावर; कारण तोच डोळ्यांस दिसतो. पहिला उकिरड्यांत सुखरूप आणि दुसरा खोडांत. नांवाच्या चुकीमुळें शिक्षा निरपराध्यास होते आणि माड जावयाचा तो जातोच.

हीच गोष्ट डोंगरउतारावरील कलमांची. आंब्याच्या मोहरावर तुडतुडा बसतो, रस शोषतो, त्याच्या चिकट विष्ठेवर काळी बुरशी चढते आणि मोहर करपतो. त्याचा बंदोबस्त केलाच पाहिजे, कारण वर्षाचें उत्पन्न त्या मोहरावर अवलंबून असतें. परंतु त्याच मोहरावर त्याच वेळीं माशा आणि लहान मधमाशा फिरत असतात, आणि आंब्याचें फूल फळास येतें तें मुख्यतः त्यांच्या पायांना चिकटलेल्या परागामुळें. ज्या घरमाशीच्या जातभाईंस आपण पानाजवळ फिरकूं देत नाहीं, त्यांच्या कृपेनें हापूस आपल्या पानांत येतो. म्हणून मोहर पूर्ण फुललेला असतांना विषारी औषध मारूं नये, असें जाणकार बागायतदारांस बजावतात. ‘कीड पडली, औषध मारा’ एवढाच हिशेब ठेवणारा मनुष्य तुडतुड्याबरोबर आपल्या फळाचाही गळा घोंटतो.

याउलट नांव नीट ठाऊक असल्यास काय साधतें, तें फळमाशीच्या सापळ्यांत पाहावें. ही माशी आंब्याच्या सालीखालीं अंडीं घालते आणि फळ आंतून नासतें. तिच्या नरांस एका विशिष्ट द्रव्याच्या वासाची अनिवार ओढ आहे, आणि तें द्रव्य आपल्या अंगणांतील तुळशींतही असतें. त्या वासाचा बोळा ठेवलेली साधी डबी झाडास टांगली कीं फळमाशीचे नर तींत येऊन मरतात. मधमाशी तिकडे ढुंकूनही पाहत नाहीं. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें ‘रक्षक’ या नांवानें असा सापळा बागायतदारांच्या हातीं दिला आहे. फवारा सरसकट मारतो, सापळा नांव विचारून मारतो.

आणि ज्या घरांत हा शब्द तिरस्काराचा झाला, त्याच घराच्या देवघरांत कीटकांचें किती देणें जमा आहे! पंचामृतांतील मध मधमाशीच्या पोटांतून फिरून आलेला. सोंवळ्याचा मुकटा आणि पीतांबर रेशमाचे. एका वस्त्रासाठीं हजारों कोष उकळत्या पाण्यांत पडतात, आणि आपण त्या वस्त्रास शुद्ध म्हणतों. ‘कौशेय’ हें रेशमाचें संस्कृत नांवही कोषावरूनच. दस्तऐवजाच्या थैलीवरील लाख, आणि महाभारतांतील लाक्षागृहाची लाख, हीं एका इवल्याशा कीटकानें फांदीवर घातलेलीं पांघरुणें. ‘किरमिजी’ रंग फारसी-अरबींतून आपल्याकडे आला. त्याच्या मुळाशीं फारसींतील ‘किर्म’ आहे, आणि तो आपल्या ‘कृमि’चा सख्खा भाऊ. युरोपांतील ‘क्रिम्सन्’ हा शब्दही त्याच घरचा. ओकच्या झाडावरील किड्यांपासून हा रंग काढीत, म्हणून रंगास किड्याचें नांव. म्हणजे मूळ शब्दास विटाळ नव्हता. तो आपण मागाहून लाविला.

कीटक दिसला कीं हात जोडावे असें आम्ही म्हणत नाहीं. ढेकूण हा ढेकूणच, आणि डांसास घरांत थारा देणें हें दयेचें काम नव्हे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, मारावयाचें असो वा राखावयाचें असो, ओळख आधीं करून घ्यावी. एकत्र कुटुंबांत हें काम सोपें आहे, कारण तेथें पाहणारे डोळे पुष्कळ असतात. कोणताही किडा दिसला म्हणजे तीन प्रश्न विचारावे. पाय किती? यानें तो कीटक कीं कोळ्याचा गोतावळा हें ठरतें. खातो काय? यानें तो आपला वैरी, चाकर कीं केवळ वाटसरू हें ठरतें. जन्मतो कोठें? यानें, तो वैरी असल्यास, त्याला कोठें गांठावें हें ठरतें. डांसास साचलेल्या पाण्यावर, माशीस शेणाच्या ढिगावर, गेंड्या भुंग्यास उकिरड्यावर. हे तीन प्रश्न विचारण्यास जो वेळ लागतो, तो बाजारांतून औषधाची बाटली आणण्यास लागणाऱ्या वेळाहून नक्कीच कमी.

आजीबाईंस कित्येक किड्यांचीं जुनीं नांवें माहीत असतात. कसर, चिलट, घुंगुरटें, पिसोळें, टोका, कुंभारीण. हीं नांवें त्यांच्याबरोबर जाऊं देऊं नयेत. घरांतील कॉलेजांत शिकणाऱ्या मुलामुलींनीं तीं वहींत टिपून प्रत्येकापुढें त्या जीवाचे पाय, खाद्य व जन्मस्थान लिहावें. आणि यंदा कुलदैवताच्या दर्शनास वेळणेश्वरास जाणाऱ्यांनीं नारळ-फुलांबरोबर एक साधें भिंग पिशवींत टाकावें. दर्शन झाल्यावर मुलांस आगरांत सोडून तिघा भुंग्यांपैकीं कोण दिसतो तें शोधण्यास सांगावें. तिसऱ्याची गुणगुण प्रथम ऐकूं येईल. त्याला हाकलूं नये, वाशावर बसूं द्यावें आणि पाय मोजावे.